सहा सेकंदांची तोफ

"सर, गोळी जेवढ्या संवेगाने पुढे जाते तेवढाच संवेग बंदुकीला मागे मिळतो ना? मग विमानातून तोफ डागली तर विमान मागे का येत नाही?"

न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना हा प्रश्न कधी ना कधी येतोच. "विमानाचे वस्तुमान फार मोठे असते," असे सांगून आपण पुढच्या उदाहरणाकडे वळतो. उत्तर चूक नाही. पण फळ्यावर आकडे मांडले तर तोच प्रश्न आपल्याला बराच लांब घेऊन जातो.

नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात २००४ पासून सुखोई-३० विमाने तयार होऊ लागली. या विमानात उजव्या पंखाच्या मुळाशी ३० मिलिमीटर व्यासाची एकनळी तोफ असते. तिचे नाव जीएश-३०-१. तिचा एक गोळा साधारण ३९० ग्रॅमचा असतो आणि नळीतून तो सेकंदाला सुमारे ८६० मीटर वेगाने बाहेर पडतो. संवेग काढा: ०.३९ गुणिले ८६०, म्हणजे ३३५ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. ही तोफ मिनिटाला किमान १५०० च्या गतीने मारा करते, म्हणजे सेकंदाला २५ गोळे. तेव्हा सेकंदाला संवेगात होणारा बदल, अर्थात सरासरी बल, झाले सुमारे ८४०० न्यूटन. गोळ्यामागून दारूचा तप्त वायूही नळीतून बाहेर झेपावतो. तो हलका असला तरी वेग जास्त, म्हणून त्याचा वाटा आणखी निम्म्याने धरावा लागतो. एकूण साडेबारा हजार न्यूटन. विमान पंचवीस टनांचे धरले तर सेकंदभराच्या माऱ्याने त्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ दोन किलोमीटर कमी होईल. विमान मागे येत नाही, पण त्याचा वेग मोजता येईल इतका घटतो. विद्यार्थ्याची शंका बरोबरच होती.

आता गतिज ऊर्जा पाहा. एका गोळ्याची ऊर्जा १४४ किलोज्यूल भरते. हजार किलोची मोटार ताशी साठ किलोमीटरने धावताना तिच्यात एवढी ऊर्जा असते. अशा पंचवीस मोटारी दर सेकंदाला! आणि हे सारे घडवणाऱ्या यंत्राचे वजन आहे फक्त ४६ किलो, म्हणजे सातवी-आठवीतल्या एखाद्या अंगापिंडाने भरलेल्या मुलाएवढे. हे यंत्र बनवणाऱ्याने विचार तरी कसा केला असेल, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम अडचण काय आहे ते समजून घेऊ. स्वयंचलित तोफ म्हणजे एक उष्मायंत्रच. मोटारीच्या इंजिनात स्फोटाने दट्ट्या ढकलला जातो आणि त्याच ऊर्जेतला थोडा भाग पुढच्या स्फोटाची तयारी करतो. तोफेत दट्ट्या म्हणजे गोळा, आणि तो परत येत नाही एवढाच फरक. गोळा सुटल्यावर मागचा बोल्ट उघडायचा, रिकामी पुंगळी ओढून बाहेर टाकायची, नवे काडतूस आत सारायचे, बोल्ट बंद करून कुलूप घालायचे आणि पुन्हा दारू पेटवायची. ही कामे करायला लागणारी ऊर्जा झालेल्या माऱ्यातूनच उचलायची. हायरम मॅक्सिमने १८८४ च्या सुमारास हे प्रथम यशस्वीपणे केले. खांद्याला बसणारा धक्का फुकट का घालवायचा, हा त्याचा प्रश्न होता.

मग मशिनगनचे चित्र चौपट मोठे करून तोफ का बनवता येत नाही? येते, पण ती मंद होते. कारण सांगतो. समजा यंत्राचा प्रत्येक भाग लांबी, रुंदी, जाडी अशा तिन्ही मापांनी दुप्पट केला. वस्तुमान आठपट झाले. भागांचा वेग तेवढाच ठेवला तर संवेगही आठपट. तो भाग आपटून थांबतो तेव्हा थांबायला लागणारा वेळ दुप्पट होतो, कारण पोलादातून आघाताची लाट ध्वनीच्याच वेगाने जाते आणि तिला आता दुप्पट अंतर कापायचे असते. तेव्हा बल चौपट. पण क्षेत्रफळही चौपट. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवरचा ताण होता तेवढाच राहिला!

यातून हाती लागलेली गोष्ट मोठी आहे. आघाताचा ताण भागाच्या आकारावर नाही, वेगावर ठरतो. घनता, ध्वनीचा त्या पदार्थातील वेग आणि आपटण्याचा वेग यांचा गुणाकार केला की ताण मिळतो. पोलादासाठी सेकंदाला दहा मीटर वेग धरला तर ७८०० × ५००० × १०, म्हणजे ३९ कोटी पास्कल. बांधकामातले साधे पोलाद पंचवीस कोटींपाशीच कायमचे वाकू लागते. तोफेसाठीचे उत्तम पोलाद त्याच्या तिप्पट-चौपट सोसते, पण मर्यादा त्यालाही आहे. तेव्हा यंत्र लहान असो वा मोठे, त्याच्या भागांना परवडणारा वेग एकच. मोठ्या तोफेत काडतूस लांब, म्हणून बोल्टला जास्त अंतर जायचे. वेग वाढवता येत नाही. म्हणजे वेळ जास्त लागणार. व्यास जितका मोठा तितकी माऱ्याची गती कमी.

प्रत्यक्षात असेच दिसते का? रायफलची साडेसात-आठ मिलिमीटरची गोळी झाडणाऱ्या जुन्या मशिनगनी मिनिटाला सहाशेच्या घरात होत्या. स्वीडनच्या बोफोर्स कंपनीने १९३० च्या दशकाच्या आरंभी ४० मिलिमीटरची विमानवेधी तोफ केली. आपल्या नियमाने तिची गती येते ११५ च्या आसपास. प्रत्यक्षात ती होती १२०. (बोफोर्स म्हटले की आपल्याला १९८६ चा हॉवित्झर तोफांचा व्यवहार आठवतो. ती तोफ वेगळी. या ४० मिलिमीटर तोफेची सुधारलेली आवृत्ती, एल-७०, आपल्या सैन्यात अजून आहे. आणि आल्फ्रेड नोबेलने आयुष्याची शेवटची दोन-तीन वर्षे ही कंपनी स्वतःकडे घेतली होती, हेही वर्गात सांगण्यासारखे.)

आता तोच नियम ३० मिलिमीटरला लावा. उत्तर येते मिनिटाला दीडशे. सुखोईची तोफ मात्र दीड हजारांनी चालते! दसपट.

ही दसपट मिळवणारी जोडी म्हणजे वासिली ग्र्याझेव (१९२८-२००८) आणि अर्काडी शिपुनोव (१९२७-२०१३). जीएश हे नाव त्यांच्याच आडनावांच्या आद्याक्षरांचे. दोघेही मॉस्कोच्या दक्षिणेला असलेल्या तुला या शस्त्रांसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध असलेल्या शहरात शिकले, आणि पुढे तिथल्याच संस्थेत शिपुनोव चार दशकांहून अधिक काळ प्रमुख राहिले. त्यांच्या तोफा एकापुढे एक ठेवल्या तर विचार कसा बदलत गेला ते दिसते.

पहिली मोठी तोफ जीएश-२३. व्यास २३ मिलिमीटर, नळ्या दोन. तिची मूळ कल्पना कार्ल गास्ट या जर्मन अभियंत्याची, पहिल्या महायुद्धाच्या काळातली. खेड्यात एका उखळात दोन बाया आळीपाळीने मुसळ घालताना आपण पाहिल्या आहेत. एकीचे वर जाते तेव्हा दुसरीचे खाली येते. आता कल्पना करा की ती दोन मुसळे तरफेने एकमेकांना जोडली आहेत. एका नळीतला मारा आपल्या बाजूचा बोल्ट मागे ढकलतो, आणि तरफेमुळे तेवढ्याच वेळात दुसऱ्या नळीचा बोल्ट पुढे जाऊन काडतूस आत सारतो. मग दुसरी नळी डागली जाते आणि पहिलीचे काम होते.

यात लाभ कुठे आहे पाहा. एरवी मागे आलेला बोल्ट स्प्रिंग दाबून थांबतो आणि तीच स्प्रिंग त्याला पुढे ढकलते. स्प्रिंगच्या जोराला मर्यादा असते, म्हणून परतीचा प्रवास रेंगाळतो. इथे परतीचा प्रवासही दारूच्या जोरावर होतो. शिवाय मागे येणाऱ्या भागाची ऊर्जा आपटून उष्णतेत न जाता समोरच्या भागाला कामी येते. पन्नास किलोच्या या तोफेची गती मिनिटाला ३००० ते ३४०० होती. आपल्या हवाईदलाची सुरुवातीची मिग-२१ विमाने केवळ क्षेपणास्त्रांच्या भरवशावर, तोफेविना आली होती. १९७१ च्या युद्धाआधी हीच तोफ त्यांच्या पोटाखाली वेगळ्या पेटाऱ्यात लटकवावी लागली. पुढच्या मिग-२१ मध्ये ती अंगातच बसवलेली होती. ही विमाने २०२५ च्या सप्टेंबरात निवृत्त झाली.

दुसरी पायरी म्हणजे जीएश-६-३०. ३० मिलिमीटरच्या सहा नळ्या एका चक्रावर फिरतात. प्रत्येक नळी आपल्या फेरीत सावकाश काडतूस घेते, डागते, पुंगळी टाकते. सहा जणींचे काम एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवर चालू असते. ही युक्ती गॅटलिंगची, १८६२ ची. अमेरिकी तोफांत हे चक्र बाहेरच्या मोटरने फिरते. तुलाच्या जोडीने नळीतलाच वायू वापरून ते फिरवले. गती मिनिटाला पाच हजारांच्या जवळ, वजन १४९ किलो. कागदावर ही त्यांची सर्वांत पराक्रमी तोफ.

ती मिग-२७ या जमिनीवर हल्ला करणाऱ्या विमानाला बसवली. हे विमानही ओझरला तयार होत असे आणि २०१९ च्या डिसेंबरपर्यंत आपल्या हवाईदलात होते. पुन्हा हिशेब करा. सेकंदाला ८३ गोळे गुणिले ३३५, वर वायूचा निम्मा वाटा: चाळीस हजार न्यूटनच्याही वर. अठरा टनांच्या विमानाचा वेग यामुळे सेकंदाला ताशी आठ किलोमीटरने घटेल. पण खरी आपत्ती ही नव्हतीच. सरासरी बल विमान सोसते. हे बल सलग येत नाही, सेकंदाला ८३ वेगवेगळ्या ठोक्यांनी येते. झोक्याला योग्य वेळी हलकेच ढकलत राहिले तर तो केवढा उंच जातो, हे मुलांना माहीत असते. विमानात शेकडो पत्रे, कंस, पेट्या, नळ्या असतात आणि प्रत्येकाची स्वतःची कंपनसंख्या असते. ८३ शी किंवा तिच्या पटींशी जुळणारा भाग कुठे तरी असणारच. तिथे अनुनाद झाला की लहान धक्काही तो भाग तोडू शकतो. मिग-२७ मध्ये माऱ्याच्या वेळी उतरण्याचे दिवे फुटत, उपकरणे बिघडत, वैमानिकापुढचे मापकफलक ढिले होत. तोफेत दोष नव्हता. ती जे करायला सांगितले तेच चोख करत होती. तोफेचा आराखडा आणि विमानाचा आराखडा हे दोन वेगळे प्रश्न आहेत असे मानल्याचा हा परिणाम.

अशा घटना रशियापुरत्या नाहीत. ब्रिटिश हंटर विमानाच्या सुरुवातीच्या प्रकारांत उंचीवर चार तोफा एकदम डागल्या की इंजिन गुदमरत असे; तोफ चालताना इंजिनाचा इंधनपुरवठा क्षणभर कमी करण्याची व्यवस्था करावी लागली. हंटरही आपल्याकडे १९५७ पासून होतीच.

या अनुभवानंतर आणखी नळ्या, आणखी गती ही अपेक्षित वाट होती. पण १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नव्या लढाऊ विमानांसाठी या जोडीने जे दिले ते उलट दिशेचे: एकच नळी, ४६ किलो. मला स्वतःला त्यांच्या कामातली ही सर्वांत विचारी पायरी वाटते.

विमानाला नवी मदत मिळाली होती. लेझरने लक्ष्याचे अंतर अचूक मोजता येऊ लागले आणि संगणक नेम सांगू लागला. नेम अंदाजपंचे असेल तर आकाशात गोळ्यांचा सडा घालावा लागतो. नेम पक्का असेल तर थोडे गोळे पुरतात. मग प्रश्न बदलतो. तोफ किती जोरात चालेल हा प्रश्न मागे पडतो आणि तिला किती वेळ चालायचे आहे हा पुढे येतो. सुखोईत गोळे असतात १५०. सेकंदाला पंचवीस, म्हणजे सहा सेकंद. उड्डाण चार तासांचे असले तरी तोफेचे आयुष्य त्यात सहा सेकंदांचे.

सहा सेकंदच जगायचे असेल तर पुष्कळ काही सोडून देता येते. भाग हलके करता येतात, ते पोलादाच्या मर्यादेच्या अगदी जवळ पळवता येतात. फूटभराला थोडे कमी असे काडतूस, तेवढे अंतर मागे आणि तेवढेच पुढे, आणि हाताशी एका सेकंदाचा पंचविसावा भाग: सरासरी वेग निघतो सेकंदाला पंधरा मीटरच्या जवळ. वरचे ताणाचे गणित आठवा. हा वेग रोज दिवसभर सोसवणारा नाही. म्हणून या तोफेची नळी सुमारे दोन हजार गोळ्यांनंतर बदलावी लागते. बाकी एखाद्या यंत्राला हे लाजिरवाणे ठरले असते. इथे मात्र दोन हजार गोळे म्हणजे पूर्ण साठ्याची तेरा उड्डाणे. तेवढे मारे एका नळीला क्वचितच करावे लागतात. आयुष्य विकून गती विकत घेतली, आणि सौदा जाणूनबुजून केला.

धक्क्याचाही विचार बदलला. या तोफेत डागल्यावर नळी आणि बोल्ट कुलूपबंद अवस्थेत एकत्रच थोडे मागे सरकतात, मग सुटे होतात. गोळा नळीत असतो तो काळ सेकंदाच्या काही हजारांश भागांचा. नळी सरकल्याने तोच संवेग विमानापर्यंत अधिक काळ घेऊन पोचतो. संवेग तेवढाच, वेळ जास्त, म्हणून बलाचे शिखर ठेंगणे. क्रिकेटमध्ये झेल घेताना हात मागे नेतात तेच हे.

राहिली उष्णता. दारूच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्साच गोळ्याला मिळतो. बाकीच्यातला बराच वायूबरोबर निघून जातो, पण नळीच्या वाट्याला येते तेही थोडे नाही. सहा सेकंदांत हवेने थंड होणे शक्य नाही. इथे त्यांनी नळीभोवतीच्या आवरणात थोडे पाणी ठेवले. नळी तापली की पाणी उकळते, वाफ निघून जाते. एक किलो पाण्याची वाफ व्हायला २२६० किलोज्यूल अप्रकट उष्मा लागतो. पंप नाही, नळ्यांचे जाळे नाही. वर्गात कागदाचा द्रोण करून त्यात पाणी घालून मेणबत्तीवर धरा. पाणी तापून उकळू लागते, कागद जळत नाही. तत्त्व तेच. (पाण्याच्या पातळीच्या वरचा कागद मात्र ज्योतीपासून जपायचा, तो पेटतो.)

इथे थांबून एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. १८६८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे युरोपातील राष्ट्रांनी ठरवले की ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या वस्तूत स्फोटक भरून ती युद्धात डागायची नाही. माणसाला लढण्यास असमर्थ करायला साधी गोळी पुरते, अंगात फुटणारी गोळी विनाकारण यातना देते, हा विचार त्यामागे होता. यामुळेच पुढे लहान तोफांचा व्यास ३७ मिलिमीटर ठरला. त्या मापाचा गोळा एक पौंडाचा, म्हणजे चारशेच्या थोडा वर भरतो. विमाने आल्यावर हे बंधन व्यवहारात पातळ झाले. सुखोईचा स्फोटक गोळा ३९० ग्रॅमचा आहे. यंत्राचे गणित मांडताना ही रेघ कुठेच आडवी येत नाही, आणि मुलांसमोर हा विषय काढताना ते सांगायला संकोचू नये असे मला वाटते. गोळा जिथे पोचतो तिथले पाठ्यपुस्तकातील आकृतीत नसते.

आता थोडा वेगळा हिशेब. तोफेच्या दर किलो वजनामागे ती मिनिटाला किती किलो गोळे फेकण्याच्या गतीने चालते, ते काढू. जीएश-२३ चा गोळा सुमारे १८० ग्रॅमचा. गती ३२०० धरली तर भागाकार येतो साडेअकरा. सहानळी तोफेचा येतो तेरा. एकनळीचा पावणेतेरा. रचना तिन्हींच्या इतक्या भिन्न, पण भागाकार जवळजवळ एकच! सहा नळ्यांनी फुकट काही दिले नव्हते. वजन वाढवून गती घेतली होती, एवढेच.

याच जोडीच्या संस्थेने जमिनीवरच्या चिलखती गाडीसाठीही तोफ केली, २ए४२ नावाची. आपल्या सैन्याच्या बीएमपी-२ गाडीवर, म्हणजे तेलंगणातील मेदक येथे बनणाऱ्या 'सारथ'वर, ती दिसते. काडतूस सुखोईच्या तोफेचेच मापाचे, ३० मिलिमीटर. पण वजन ११५ किलो. गती दोन: सावकाश मारा मिनिटाला दोनशे ते तीनशे, आणि जलद मारा साडेपाचशेच्या वर. वरचा भागाकार इथे दोनही भरत नाही. गाडीत गोळे पाचशे असतात, आणि दोन वेगळ्या पट्ट्यांतून दोन प्रकारचे गोळे हवे तसे बदलून घेता येतात. धूळ, चिखल, बर्फ, दिवसच्या दिवस चालणारी लढाई, दूर असलेली दुरुस्तीची सोय आणि तोफेच्या मागेच बसलेले सैनिक.

तीच माणसे, त्याच मापाचे काडतूस. एक तोफ ४६ किलोची आणि दुसरी ११५ किलोची. विमानात जिथे वजनाचा ग्रॅम ग्रॅम मोजतात तिथे हलकी तोफ कितीतरी अधिक घाईने चालते आणि लवकर झिजते, जमिनीवरची जड तोफ सावकाश चालते. हे दोन आकडे फळ्यावर लिहून कारणे मुलांनाच शोधू द्या. "विमान हलके हवे" हे उत्तर लगेच येईल. ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे निघायला आणखी एक तास लागेल. तेव्हा मुलांना आधी एवढेच विचारा, की या तोफेला एका दिवसात किती वेळ चालायचे आहे.